मांजराच्या पोटात जंत आहेत का, हे ओळखायचं कसं?

गेल्या पावसाळ्यात आमच्या इमारतीच्या जिन्याखाली एक पिल्लू सापडलं. वय जेमतेम ५ आठवडे. पोट नगाऱ्यासारखं फुगलेलं, आणि पाठीवरून हात फिरवला की मणके बोटाला लागायचे. शी तपासून घेतली. रिपोर्ट आला, 'अंडी आढळली नाहीत'. आम्ही निर्धास्त झालो. आठव्या दिवशी ते ओकलं आणि त्या ओकारीत शेवयांसारखे तीन पांढरे जंत वळवळत होते.

रिपोर्ट चुकीचा नव्हता. शीच्या तपासणीत सहसा जंत दिसत नाहीत, जंतांची अंडी दिसतात. अंडी घालायला जंत आधी मोठा व्हावा लागतो. मांजरांतला गोलकृमी पिल्लाच्या पोटात आईच्या दुधातून जातो आणि त्याची अंडी शीत उतरायला त्यानंतर साधारण सहा-सात आठवडे लागतात. म्हणजे ५ आठवड्यांच्या पिल्लाच्या शीत ती अंडी सापडण्याची वेळच आली नव्हती. हे तेव्हा मला माहीत असतं तर पिल्लाचे आठ दिवस वाया गेले नसते. म्हणून पहिल्यांदा मांजर पाळणाऱ्यांसाठी हे सगळं नीट लिहून काढते आहे.

आधी ओळख करून घ्या

सगळ्यांना आपण सरसकट 'जंत' म्हणतो, पण तपासणी कुठली करायची हे आत कोण आहे त्यावर ठरतं.

गोलकृमी, म्हणजे टॉक्सोकारा कॅटी, हा सर्वांत जास्त आढळणारा. पांढरट, ३ ते १० सेंटिमीटर लांब, दोन्ही टोकांना निमुळता. दुधातून येतो, मातीतल्या अंड्यांतून येतो, आणि उंदीर किंवा झुरळ खाल्ल्यानेही येतो. 'आमचं मांजर घराबाहेर जातच नाही' हे मी फार वेळा ऐकते. मांजर जात नाही हे खरं, पण झुरळ तर घरात येतं.

अंकुशकृमी जेमतेम सेंटिमीटरभर असतो. आतड्याला चिकटून रक्त पितो. तो डोळ्यांना शीत जवळजवळ कधीच दिसत नाही आणि म्हणूनच लहान पिल्लांत मला त्याची जास्त भीती वाटते. त्याच्या अळ्या ओल्या मातीत जगतात आणि कातडीतूनही आत शिरतात.

पट्टकृमी म्हणजे चपटा, फितीसारखा जंत. त्यातला डिपिलिडियम पिसवांमुळे होतो: मांजर अंग चाटताना पिसू गिळतं आणि तिच्या आतली अळी पोटात जाते. दुसरा टीनिया, तो उंदीर मारून खाणाऱ्या मांजरांत असतो.

शेवटी एकपेशीय परजीवी: कॉक्सिडिया, जिआर्डिया आणि ट्रायट्रायकोमोनास. हे जंत नव्हेतच, नुसत्या डोळ्यांना कधीच दिसत नाहीत, आणि पायरँटेलसारख्या नेहमीच्या जंताच्या औषधाने जातही नाहीत. पिल्लाला जुलाब होतायत म्हणून लोक पायरँटेलच्या मात्रा एकामागून एक देत राहतात आणि पोटात असतो कॉक्सिडिया, ज्याला त्या औषधाचा काही उपयोगच नाही. तपासून घ्या असं मी म्हणते ते यासाठी.

पहिली पायरी: मांजराकडे बघा

मोठ्या, धडधाकट मांजरात जंत असूनही बाहेरून काहीच कळत नाही, हे आधी लक्षात ठेवा. तरी काही खुणा मी दर आठवड्याला बघते. खाणं चांगलं असूनही वजन उतरतंय का? केस राठ, विस्कटलेले दिसतात का? पिल्लाचं पोट जेवणानंतरच नव्हे, तर सकाळी उपाशीपोटीही फुगलेलं असतं का? वजनासाठी स्वयंपाकघरातला डिजिटल काटा उत्तम. पिल्लाला एका डब्यात बसवायचं आणि डब्याचं वजन वजा करायचं. वाढत्या वयातल्या पिल्लाचं वजन दोन दिवस जागचं हललं नाही, तर काहीतरी बिनसलंय असं समजा.

मग हिरड्या. ओठ अलगद वर उचला. हिरडी गुलाबी हवी. फिकट किंवा पांढरी पडली असेल, पिल्लू थंडगार, मलूल असेल, शी डांबरासारखी काळी असेल, तर पुढचं काही वाचत बसू नका, नमुना गोळा करण्यातही वेळ घालवू नका. त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्या. अंकुशकृमी पिल्लाचं इतकं रक्त पिऊ शकतात की त्याला दुसऱ्याचं रक्त द्यायची वेळ येते. असं पांढरं पडलेलं एक पिल्लू मी हातात गमावलं आहे. एक दिवस थांबू म्हटलं होतं.

शेपटीखाली रोज एकदा बघायची सवय लावा. तिथल्या केसांना तांदळाच्या दाण्यासारखं किंवा काकडीच्या बीसारखं काही चिकटलेलं दिसलं आणि ते आखडत-पसरत असेल, तर तो पट्टकृमीचा सुटलेला तुकडा. वाळल्यावर तो पिवळसर, तिळासारखा दिसतो. आमच्या घरी ते संक्रांतीच्या आठवड्यात चादरीवर पडलेले होते. तिळगूळ करताना सांडले असतील असं वाटून दोन-तीन दिवस कुणी लक्षच दिलं नाही. असा तुकडा मिळाला तर पारदर्शक चिकटपट्टीवर उचला, पट्टी स्वच्छ प्लास्टिकवर चिकटवा आणि डॉक्टरांना दाखवा. अनेकदा नुसत्या तेवढ्यावर निदान होतं.

दुसरी पायरी: मांजराचा शीचा ट्रे बघा

चांगली शी घट्ट, आकार असलेली, तपकिरी असते. मऊ, फेसाळ, तेलकट आणि विलक्षण घाण वासाची असेल तर जिआर्डियाचा संशय घ्यावा. मांजर सारखं सारखं ट्रेमध्ये जातंय, प्रत्येक वेळी थोडीशीच शी, तीही आव आणि लाल रक्ताचे ठिपके असलेली, तर मोठ्या आतड्याचा त्रास. कमी वयाच्या, आणि जिथे बरीच मांजरं एकत्र राहतात अशा ठिकाणच्या मांजरांत तेव्हा ट्रायट्रायकोमोनासचा विचार करावा लागतो. या अंदाजांवर औषध ठरवायचं नाही. पण डॉक्टरांना वर्णन नीट सांगता आलं, तर कुठली तपासणी आधी करायची हे त्यांना ठरवता येतं. मी फोनवर फोटो काढून ठेवते. घाण वाटण्यासारखं त्यात काही नाही.

ओकारीत किंवा शीत अख्खा जंत पडला तर तो फेकू नका. डबीत थोडं मिठाचं पाणी घ्या, त्यात ठेवा आणि घेऊन जा.

तिसरी पायरी: नमुना गोळा करणं

तपासणी वाया जाते ती बहुतेक वेळा इथेच. महागड्या लॅबमध्ये शिळा, वाळूने माखलेला नमुना दिला तर ती लॅब तरी काय करणार!

ताजी शी हवी. ६ तासांच्या आतली उत्तम, २४ तासांपेक्षा जुनी नको. सुपारीएवढी पुरते, शीचा नुसता ठिपका पुरत नाही. मेडिकलच्या दुकानात माणसांच्या शौचतपासणीची झाकणाची डबी मिळते, तीच आणा. हातमोजा किंवा प्लास्टिकची पिशवी हातावर चढवून शीच्या आतला, वाळू न लागलेला भाग घ्या. रक्त किंवा आव लागलेला भाग असेल तर तोही थोडा घ्या. डबीवर मांजराचं नाव, तारीख आणि वेळ लिहा.

ट्रेमध्ये गोळे धरणारी लिटर (मांजराची वाळू) वापरत असाल तर ती शीला चिकटून बसते. एका रात्रीपुरती ती काढून ट्रेमध्ये कागदाचे तुकडे घाला. बागेतल्या मातीतून किंवा बांधकामाच्या वाळूतून उचललेला नमुना देऊ नका: मातीत स्वतंत्रपणे जगणाऱ्या सूक्ष्म कृमी असतात, त्या शीत शिरतात आणि रिपोर्टमध्ये नसता गोंधळ होतो. बाहेर फिरणारं मांजर असेल तर एक रात्र घरात ठेवणं हाच उपाय. दोन-तीन मांजरं असतील आणि शी कुणाची हे कळत नसेल, तर एकेकाला रात्रभर वेगळ्या खोलीत ट्रेसकट ठेवा. त्रासदायक आहे, पण एकत्र नमुन्यावरून एकाला औषध आणि दुसऱ्याला नाही असं ठरवता येत नाही.

लगेच नेता येत नसेल तर डबी दोन पिशव्यांत घालून फ्रिजमध्ये ठेवा. फ्रीजरमध्ये नको, अंडी गोठून फुटतात. बाहेरही ठेवू नका. आपल्याकडच्या उकाड्यात अंकुशकृमीची अंडी एका दिवसात फुटून त्यातून अळ्या बाहेर येतात आणि मग ओळख अवघड होते. याला एक महत्त्वाचा अपवाद आहे. ट्रायट्रायकोमोनासचा संशय असेल तर नमुना अजिबात थंड करायचा नाही, कारण तो परजीवी थंडीत मरतो, आणि जिवंत हालचाल किंवा कल्चर (लॅबमध्ये परजीवी वाढवून) बघायचं असतं तेव्हा नमुना निकामी होतो. तेव्हा शी घरच्या तापमानात ठेवून ताबडतोब द्यायची. फोन करून 'फ्रिजमध्ये ठेवू की नको' हे आधी विचारून घ्या.

आणि एक नमुना पुरेसा मानू नका. अंडी रोज सारखी पडत नाहीत, जिआर्डिया तर मधूनमधूनच दिसतो. तीन नमुने, एकेका दिवसाआड घेतलेले, हे मी नेहमी धरून चालते.

चौथी पायरी: कुठली तपासणी मागायची

डॉक्टरांना विचारायला संकोच करू नका. तपासणी कशी करणार हे विचारणं म्हणजे त्यांच्यावर अविश्वास नव्हे.

थेट स्मीअर म्हणजे काचपट्टीवर सलाइनच्या थेंबात चिमूटभर शी कालवून लगेच सूक्ष्मदर्शकाखाली बघणं. अगदी ताज्या, पातळ शीसाठी हे चांगलं, कारण जिआर्डिया आणि ट्रायट्रायकोमोनास जिवंत, हलताना दिसू शकतात. पण शी इतकी थोडी असते की फक्त याच्यावर विसंबून 'जंत नाहीत' म्हणता येत नाही.

खरी कामाची तपासणी तरंगण पद्धतीची, फ्लोटेशनची. शी एका जड द्रावणात ढवळतात. अंडी हलकी म्हणून वर तरंगतात, बाकीचा गाळ खाली बसतो. मिठाच्या संपृक्त द्रावणाची विशिष्ट घनता, म्हणजे ते पाण्याच्या किती पट जड, साधारण १.२०, साखरेच्या द्रावणाची १.२७, झिंक सल्फेटची १.१८. जिआर्डियाचे कोश (कवचातली अवस्था, जी शीतून बाहेर पडते) मीठ-साखरेत आकसतात, म्हणून त्याच्यासाठी झिंक सल्फेट बरं. हे द्रावण सेंट्रिफ्यूजमध्ये, म्हणजे नळ्या वेगाने गरगर फिरवणाऱ्या यंत्रात, फिरवून केलं तर नुसतं उभं ठेवण्यापेक्षा जास्त अंडी सापडतात. म्हणून नेमका प्रश्न विचारायचा तो हा: 'सेंट्रिफ्यूज करून फ्लोटेशन करता का?'

जिआर्डियासाठी काही मिनिटांत निकाल देणारी अँटिजेन किट असते, ती शीतली परजीवीची प्रथिनं ओळखते. ट्रायट्रायकोमोनाससाठी पीसीआर, म्हणजे परजीवीचा डीएनए शोधणारी तपासणी, सर्वांत भरवशाची. पट्टकृमीच्या बाबतीत मात्र फ्लोटेशन बरेचदा फसतं. त्याची अंडी सुट्या तुकड्याच्या आत पुरचुंडीत बांधलेली असतात आणि तुकडा फुटला नाही तर ती शीत मिसळतच नाहीत. शेपटीखाली तुकडे दिसले असतील तर रिपोर्ट काहीही म्हणो, ते डॉक्टरांना सांगा.

जवळच्या दवाखान्यात सोय नसेल तर पशुवैद्यकीय महाविद्यालयाकडे चौकशी करा. मुंबईत परळला, साताऱ्याजवळ शिरवळला, शिवाय नागपूर, परभणी आणि उदगीरला महाविद्यालयं आहेत आणि परजीवीशास्त्र हा तिथे शिकवला जाणारा विषय आहे. नमुना कधी आणि कसा स्वीकारतात हे फोनवर आधी विचारून मगच निघा.

घरी सूक्ष्मदर्शक असेल तर

पिल्लं सांभाळणाऱ्यांपैकी काही जण शाळा-कॉलेजात वापरतात तसा सूक्ष्मदर्शक घेतात. मीही घेतला. डॉक्टरांच्या तपासणीला पर्याय म्हणून नाही, पण औषधानंतर काय चाललंय ते बघायला त्याचा फार उपयोग होतो.

कोमट पाण्यात साधं मीठ विरघळेनासं होईपर्यंत घालत जा आणि वरचं स्वच्छ द्रावण गाळून घ्या. सुपारीच्या अर्ध्याएवढी शी १५ मिलिलिटर द्रावणात नीट कालवा. चहाच्या गाळणीने गाळा. ही गाळणी, चमचा, वाटी परत स्वयंपाकघरात येता कामा नये, त्यावर लाल खूण करून वेगळी ठेवा. गाळलेलं द्रावण छोट्या परीक्षानळीत काठोकाठ भरा, इतकं की वर फुगवटा यावा. त्यावर कव्हरस्लिप (पातळ काचेचा छोटा चौकोन) ठेवा आणि २० मिनिटं हात लावू नका. मग कव्हरस्लिप सरळ वर उचला, काचपट्टीवर ठेवा आणि १०च्या भिंगाने एका कोपऱ्यातून सुरुवात करून शेत नांगरल्यासारखं ओळीने बघत जा. उशीर केलात तर मिठाचे स्फटिक तयार होतात आणि काहीच दिसत नाही.

गोलकृमीचं अंडं गोल, गडद, जाड कवचाचं, वर खाचखळगे असलेलं; आकार सुमारे ७० मायक्रॉन (मिलिमीटरचा हजारावा भाग म्हणजे एक मायक्रॉन). अंकुशकृमीचं लांबट, पातळ पारदर्शक कवचाचं, आत पेशींचा द्राक्षांसारखा घोस. कॉक्सिडियाचे कोश त्याहून लहान, ४०च्या भिंगाने नीट दिसणारे. आणि नवख्याला सर्वांत जास्त फसवतात ते हवेचे बुडबुडे आणि फुलांचे परागकण. बुडबुड्याची कड अगदी काळी आणि नितळ गोल असते, आत काहीच नसतं. संशय आला की फोनचा कॅमेरा आयपीसला लावून फोटो काढा आणि डॉक्टरांना दाखवा. अंडी मोजून 'संसर्ग किती गंभीर' ते घरी ठरवू नका. अंडी कमी दिसली म्हणजे जंत कमी, असा हिशेब लागत नाही.

रिपोर्ट हातात आल्यावर

काही सापडलं तर औषध डॉक्टर ठरवतील, वजनाप्रमाणे. पायरँटेल किंवा फेनबेंडाझोल गोल आणि अंकुशकृमींवर चालतं; पिसवांमुळे होणाऱ्या पट्टकृमीला प्राझिक्वांटेल लागतं. घरातल्या मुलांची जंताची गोळी अर्धी करून मांजराला देऊ नका. कुत्र्यांसाठी मिळणारं पिसवांचं औषध तर मुळीच नको: त्यातल्या काहींत परमेथ्रिन असतं आणि ते मांजराचा जीव घेतं.

काही सापडलं नाही तर दोन गोष्टी बघा. मांजराचं वय आणि लक्षणं. पिल्लू असेल तर रिपोर्ट कोराही असला तरी वयाच्या दोन-तीन आठवड्यांपासून दर पंधरवड्याला जंताचं औषध देण्याची पद्धत आहे, आणि ती आमच्या त्या जिन्याखालच्या पिल्लासारख्यांसाठीच आहे. लक्षणं चालू असतील तर दोन आठवड्यांनी पुन्हा नमुना द्या. एकदा खाल्लेल्या उंदरामुळे टीनिया झाला असेल तर त्याचे तुकडे दिसायला महिना-दोन महिने जातात.

औषधानंतर साधारण दोन आठवड्यांनी पुन्हा शी तपासा. पट्टकृमीचे तुकडे औषधानंतर तीन आठवड्यांनी परत दिसू लागले तर औषध निकामी ठरलं असं समजू नका. बहुतेक वेळा घरातल्या पिसवा तशाच असतात. बारीक दातांच्या फणीने शेपटीच्या मुळाशी विंचरा, निघालेले काळे कण ओल्या टिश्यूवर ठेवा. भोवती तांबूस डाग पसरला तर ती पिसवांची विष्ठा, म्हणजे पचलेलं रक्त. मग मांजराबरोबर अंथरुण, सोफा, गालिचा सगळ्यांकडे बघावं लागतं.

पुढे किती वेळा तपासायचं? अमेरिकेतल्या कंपॅनियन ॲनिमल पॅरासाइट कौन्सिलचा सल्ला पहिल्या वर्षात किमान ४ वेळा आणि त्यानंतर वर्षाला किमान २ वेळा असा आहे. मी भिंतीवरच्या कालनिर्णयावर तारखा लिहून ठेवते.

घरात गरोदर बाई किंवा लहान मूल असेल तर

'दिवस गेलेत, आता मांजर सोडून द्या' असा सल्ला सर्रास मिळतो आणि एक चांगलं जनावर रस्त्यावर येतं. कारण असतं टॉक्सोप्लाझ्मा, मांजराच्या शीतून पसरू शकणारा एक एकपेशीय परजीवी. त्याचा गर्भाला धोका खरा आहे. पण मांजर त्याचे कोश सहसा आयुष्यात एकदाच, एक ते तीन आठवडेच शीतून टाकतं, आणि बाहेर पडलेला कोश संसर्गक्षम व्हायला किमान एक दिवस लागतो. म्हणून ट्रे रोज साफ झाला पाहिजे आणि तो घरातल्या दुसऱ्या कुणीतरी साफ केला पाहिजे. मांजराला कच्चं मांस देऊ नका. बाईने स्वतःही कमी शिजलेलं मांस आणि न धुतलेली भाजी टाळायला हवी, कारण संसर्ग तिथूनही होतो. यासाठी मांजराची शी तपासण्याचा फारसा उपयोग नसतो, कारण कोश पडण्याचा काळच फार थोडा असतो. बाईची रक्ततपासणी तिच्या डॉक्टरांना विचारून करावी.

लहान मुलं मातीत खेळतात आणि हात तोंडात घालतात. गोलकृमीची अंडी मातीत अनेक महिने, कधी वर्षंही टिकतात. कुंड्यांत मांजर शी करत असेल तर त्यावर जाळी बांधा, मुलांची खेळायची वाळू झाकून ठेवा आणि मातीत हात घातल्यावर साबणाने धुवायला लावा.

ट्रे धुताना फिनाइल वापरू नका. आपल्याकडे जवळजवळ प्रत्येक घरात ते असतं, पण काळं फिनाइल आणि तसल्या जंतुनाशकांतली फिनॉल द्रव्यं मांजराला विषारी आहेत. ट्रेमधून पायाला लागतं आणि चाटल्यावर पोटात जातं. ब्लीचने कॉक्सिडियाचे कोश मरत नाहीत. आधी साबणाने घासा, मग उकळतं पाणी ओता, आणि ट्रे पूर्ण कोरडा झाल्यावरच त्यात नवी लिटर भरा.